पट्ट्याची जीभ

१

ओढ्यापलीकडून गोळ्या यायला लागल्या तेव्हा चौकीवरची मशीनगन दोन-चार वेळा खाकरली आणि गप्प बसली. ती चालवणारा शिडी झाकण उघडायला गुडघ्यावर उठला. उंची बघूनच लोकांनी त्याला ते नाव ठेवलं होतं. असा माणूस वाळूच्या पोत्यांआड मावणार तरी किती? तो जागीच गेला. बाकीच्यांनी रायफली चालवून हल्ला परतवला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत गुन्हेगारही ठरला. गन अडली म्हणजे गन खराब, आणि गन खराब म्हणजे ती दुरुस्त करणारा मिस्त्री कामचुकार. हिशोब संपला. मिस्त्रीला त्याच्याच कार्यशाळेतल्या अवजारांच्या खोलीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं, आणि चौकीच्या साहेबांनी वरच्या कचेरीला निरोप धाडला: तपासाला माणूस पाठवा, आणि पाठवणारच असाल तर तोफेला पाठवा.

तोफ म्हणजे खात्यातली शस्त्रतपासनीस बाई. मशीनगनचं तिच्याइतकं ज्ञान कुणाला नव्हतं, आणि तिच्याइतकं तोंडही कुणाला नव्हतं. जगातल्या बहुतेक माणसांवर ती चिडून असायची, पण मनापासून तिरस्कार तिने एकाचाच केला होता: तिच्या जावयाचा. मिस्त्रीच्या वरच्या परीक्षेत तिने त्याला नापास केलं, म्हणून त्याने तिच्या लेकीशी लग्न करून वचपा काढला, असं ती चारचौघांत सांगायची. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. हिच्या मते बाकीचे नऊ त्याच्यापुढे गरीब बिचारे होते.

कोंडलेला मिस्त्री म्हणजे हाच जावई.

"आई, तू जाऊ नकोस," लेक फोनवर म्हणाली. ना कशी आहेस, ना जेवलीस का.

"का जाऊ नको?"

"तू गेलीस की तो संपला. इतकी वर्षं याच संधीची वाट बघत होतीस तू."

"गन खराब असेल तर तो तुरुंगात जाईल. नसेल तर नाही. यात मी कुठे आले?"

"हेच! हेच तुझं! माझा नवरा आहे तो, आई. गन नाही."

पलीकडून फोन आपटला गेला. तोफेने पिशवी भरली, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. तिला राग आला होता, आणि रागाच्या तळाशी भीती होती. गन खरंच खराब निघाली तर आपण खोटं लिहिणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग लेक पुन्हा आपल्याला दार उघडणार नाही, हेही तितकंच पक्कं होतं.

२

चौकीवर तिचं स्वागत जसं व्हायचं तसंच झालं. जीपवाल्याने तिची पिशवी उचलून नेमकी चिखलात ठेवली. पहारेकऱ्याने तिची ओळखपत्रं उलटी धरून वाचली. जेवणघरात ती शिरली तसे सगळे एकदम गप्प झाले. मिस्त्रीची सासू आली होती. आपले दात आणि आपलेच ओठ, ती काय तपास करणार, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. उलट मत असणारेही होते. ते जास्त खुशीत होते.

साहेबांची खोली मात्र बघत राहावी अशी होती. दाराची मूठ, खिडकीच्या कड्या, दिव्याचा खांब, टेबलावरची घंटा, सगळं पितळ नुसतं झगझगत होतं. टेबलाच्या पुढच्या काठाला साहेबांच्या नावाची पितळी पाटी होती. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत पांढरं काहीतरी सुकून बसलं होतं. खोलीभर पॉलिशचा वास होता.

भिंतीवर नवाकोरा फोटो टांगलेला होता. मध्ये पाहुणे अधिकारी, शेजारी छाती काढलेले साहेब, आणि मागे सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसणारा शिडी. खांद्यावरून काडतुसांचा पट्टा मफलरसारखा सोडून बिचारा कॅमेऱ्याकडे हसत होता.

"मागच्याच आठवड्यातला," साहेब म्हणाले. "पाहणी झाली तेव्हाचा. बसा ना."

बसायला खुर्ची नव्हती. तोफ उभीच राहिली.

"मलाच का बोलावलंत?"

"तुमच्याइतकं कोण जाणतं? आणि खरं सांगू का, तुम्ही नात्यागोत्याला भुलणार नाही याची मला खात्री आहे. सगळ्या खात्याला आहे." साहेब गोड हसले. "गन जुनी. मिस्त्री बेफिकीर. त्यात गन अडल्यावर पहिला तिथे पोचला तोच. मी पोचेपर्यंत झाकण उघडून बसला होता. आत काय केलं, काय बदललं, देव जाणे."

"उरलेला पट्टा?"

"पेटीत आहे. मी स्वतः सील केलाय. पट्ट्यात काही दोष नाही, बघालच तुम्ही. उद्या दुपारी वरच्या कचेरीतले मोठे साहेब येतायत. तोवर तुमची सही झाली म्हणजे बरं."

"सही कशावर करायची ते आधी ठरलंय वाटतं."

साहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. "बाई, माझा एक माणूस मेलाय. मला शब्दांचे खेळ नकोत."

दाराशी जाताना तिने मुठीला हात लावला. बोटं पांढुरकी झाली. तिने ती रुमालाला पुसली आणि ती गोष्ट विसरून गेली. तिथेच तिचा अर्धा दिवस वाया गेला.

३

मशीनगनला दोन माणसं लागतात. एक चालवतो, दुसरा शेजारी पडून पट्टा हातावर झेलतो, तो वाकडा होऊ नये, लोंबू नये म्हणून. शिडीचा हा दुसरा माणूस म्हणजे चिमटा. तापलेलं काडतूस उघड्या बोटांनी उचलतो म्हणून चिमटा. तो खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसला होता.

"पट्टा नीट धरला होतास?"

"धरला होता."

"लोंबत होता? पीळ पडला होता?"

"नाही म्हटलं ना! माझ्यावर ढकलायला आलात का? जावयाला वाचवायला दुसरा कोणी मिळाला नाही?"

"मला कुणालाच वाचवायचं नाहीये. अडली तेव्हा आवाज कसा झाला?"

चिमट्याने मान खाली घातली. "दाबल्यासारखा. काडतूस पट्ट्याच्या कडीतून निघायलाच तयार नव्हतं. शिडीने गनचा दांडा मागे ओढला, पुन्हा तेच. परत ओढला. मग तो उठला." "मी म्हटलं होतं उठू नको."

"आधी कधी असं झालं होतं?"

"कधीच नाही. याच गनवर आम्ही दोघांनी..." तो थांबला आणि एकाएकी ओरडला, "जा तुम्ही! मला काही माहीत नाही. मी साहेबांना सांगीन तुम्ही त्रास देताय म्हणून!"

साहेबांचं नाव घेताना तो दाराकडे बघत होता. तोफेने ते पाहिलं.

दारूगोळ्याच्या कोठीवर जाडजूड कोठीदार होता. त्याने तिला उंबऱ्याबाहेरच थोपवलं.

"माझ्याकडून पट्टे गेले ते चांगले गेले. कारखान्यातून आले तसे. मळकट, तेलकट, जसे असायला हवेत तसे. मिस्त्री तपासूनच नेतो. सही त्याची आहे."

"कोठीची किल्ली कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक साहेबांकडे. म्हणजे आता मी चोर का?"

"अजून नाही," तोफ म्हणाली.

अवजारांच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. काठी मांडीवर आडवी. ती शिडीची आई. मुलाचं सामान न्यायला आली होती, पण सामान सोडून इथे ठाण मांडून बसली होती. थोड्या थोड्या वेळाने ती काठीने बंद दारावर ठोकायची आणि म्हणायची, "खाल्लंस माझ्या पोराला! तुझंही कधी भलं होणार नाही."

"तू त्याची सासू ना?" म्हातारीने विचारलं.

"हो."

"मग तुझी पोरही विधवा होऊ दे. म्हणजे कळेल."

दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर तोफेने त्याला सोललं असतं. ती खाली मान घालून गनकडे निघाली.

४

पट्ट्यावर चालणारी गन अडली की मूर्ख माणूस सगळं एकदम बदलतो, मग दोष कशात होता ते त्याला जन्मात कळत नाही. तोफ एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोष तीनच ठिकाणी असतो: गनमध्ये, पट्ट्यात, नाहीतर धरणाऱ्या हातांत. हे ती वर्षानुवर्षं ओरडून शिकवत आली होती.

चौकीमागच्या चाचणी-मैदानावर तिने गन बसवली. साहेब मागे हाताची घडी घालून उभे. चिमटा पट्टा धरायला शेजारी, चेहरा पिठासारखा.

आधी गन. तिने झाकण उघडून पट्टा ओढणारा पंजा बोटाने दाबून पाहिला. झरकन परत आला. स्प्रिंग ताठ होती. मग कोठीतून आणलेला नवा पट्टा घालून तिने खटका दाबला. गन धडाधडा चालली, पट्टा संपेपर्यंत. एकदाही अडखळली नाही.

तोफेच्या छातीवरचा दगड हलला. गन चांगली! तिने तोंडावर काही दिसू दिलं नाही.

मग पट्टा. साहेबांनी सील केलेली पेटी तिने फोडली. आतला पट्टा नव्यापेक्षा आखूड, मळकट, तेलकट, अगदी जसा असावा तसा. पुढच्या टोकाची पत्र्याची जीभ धरून तिने तो आत ओढला, झाकण बंद केलं, खटका दाबला. पट्टा लोण्यासारखा गेला.

गोळीबार थांबला. गन चांगली. पट्टा चांगला. हात चिमट्याचेच, तेव्हाचेही आणि आत्ताचेही. मग शिडी मेला कशाने?

"मी सांगू?" साहेब मागून म्हणाले. "पहिला पोचला कोण? मिस्त्री. झाकण उघडून बसला होता कोण? मिस्त्री. खराब स्प्रिंग काढून नवी घातली असणार. आता गन चालणारच हो. तुमचा जावई हुशार आहे."

तोफेने वाकून झाकणातली स्प्रिंग काढली आणि उन्हात धरली. स्प्रिंगचं टोक जिथे टेकतं तिथे झाकणात खळगा पडला होता, आणि टोकावरही तेवढीच, त्याच आकाराची झीज होती. दोघं एकमेकांबरोबर म्हातारे झालेले.

"ही बदललेली नाही," ती म्हणाली.

"असं तुम्ही म्हणता." साहेब अगदी जवळ आले. आवाज उतरला. "नीट विचार करा, बाई. गन खराब होती असं लिहिलंत तर सगळे म्हणतील, काय बाई आहे, स्वतःच्या जावयालाही सोडलं नाही. चांगली होती असं लिहिलंत तर म्हणतील, सासूच ती. तुमच्या कागदाची काय किंमत राहील?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तोफेला तेव्हा कळलं, आपल्याला इथे ज्ञानासाठी बोलावलेलंच नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अवजारांच्या खोलीचं कुलूप उघडायला लावलं. जावई रिकाम्या खोक्यावर बसला होता. दाढी वाढलेली, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. तो उठला नाही.

"या, मॅडम." लग्नापासून तो तिला मॅडमच म्हणत आला होता. तिनेच तसं बजावलं होतं. "निकाल लावून आलात, की लावायला आलात?"

"झाकण उघडलंस तेव्हा आत काय दिसलं?"

"सांगणार नाही."

"गाढवा, तुझी मान अडकलीये!"

"म्हणूनच. जे सांगेन ते तुम्ही माझ्याविरुद्ध लिहाल. पट्टे तपासतो कोण? मीच. मग दोष पट्ट्यात असला तरी फास माझ्याच गळ्यात. तुम्ही मला एकदा नापास केलंय. पुन्हा पेपर द्यायला मी खुळा नाही."

"तेव्हा तू नापास व्हायच्याच लायकीचा होतास."

"बघा! बाहेर एक म्हातारी दिवसभर शाप देते, ते परवडलं. ती निदान रडते तरी."

हे लागलं. तोफेने खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. काल रात्रीपासून तिच्या पोटात काही नव्हतं आणि भूक लागली की तिचं डोकं जास्तच फिरायचं. तिने पुड्याची लाल पट्टी धरून सर्रकन ओढली आणि कागद उघडला. पट्टी तिच्या बोटांत लोंबत राहिली.

ती त्या पट्टीकडे बघतच बसली.

पुडा उघडला की पट्टी निघाली. निघाली की ती पुन्हा लागत नाही. पट्टी जागेवर असलेला अर्धा रिकामा पुडा जगात कुठे असतो का?

पट्ट्याच्या पुढच्या टोकाला पहिल्या काडतुसाच्या आधी पत्र्याची चपटी जीभ असते. ती धरून पट्टा गनमध्ये ओढायचा. गन चालली की जीभ पलीकडून बाहेर पडते आणि गवतात हरवते. गनमधून थोडा तरी चाललेल्या पट्ट्याला जीभ असूच शकत नाही. आणि काल, साहेबांनी सील केलेल्या पेटीतला पट्टा तिने स्वतः जिभेला धरून आत ओढला होता. हातांना इतकी सवय की डोक्याला पत्ताच लागला नाही. तिला स्वतःचाच संताप आला.

"गाढव मीच आहे," ती म्हणाली.

जावयाने पहिल्यांदा मान वर केली.

"पेटीतला पट्टा तो नव्हताच. कुणीतरी बदललाय. म्हणजे खरा पट्टा खराब होता. आणि ऐक, गन अडली तेव्हा एक काडतूस कडीसकट आत रुतलेलं असणार. ते काढल्याशिवाय काल गन चाललीच नसती. ते तू काढलंस. कुठाय ते?"

त्याने टोपी आणखी खाली ओढली.

"माझ्या हातात देऊ नकोस," ती हळू म्हणाली. "मला दाखवूही नकोस. मी सासू आहे, माझ्या हातात आलं की त्याची किंमत शून्य. दुपारी मोठे साहेब येतील. मी सांगेन तेव्हा सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. विश्वास ठेवावा असं तिने त्याच्याशी कधी काही केलंच नव्हतं. शेवटी त्याचा हात टोपीच्या अस्तराकडे गेला आणि तिथेच थांबला.

"त्यावर पांढरं काहीतरी आहे," तो म्हणाला. "सुकलेलं. काय आहे ते मला कळलेलं नाही."

तोफेच्या बोटांना एकदम पितळी मूठ आठवली.

६

मोठे साहेब कोरडे, कमी बोलणारे गृहस्थ होते. मैदानावर मेज मांडून ते बसले. एका बाजूला चौकीचे साहेब, चिमटा, कोठीदार, आणि दोन पहारेकऱ्यांमध्ये मिस्त्री. म्हातारी काठी टेकत आली आणि कुणी हटकायच्या आत पुढे येऊन बसली.

"अहवाल?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"अहवाल नंतर. आधी एक गंमत," तोफ म्हणाली. तिने मेजावर चार नवे पट्टे ठेवले. "गन अडल्यावर अर्धवट चाललेला पट्टा उरतो. या चौघांनी या नव्या पट्ट्यांपासून हुबेहूब तसा उरलेला पट्टा बनवून दाखवायचा. एकमेकांकडे पाठ करून."

"हा काय पोरखेळ आहे?" चौकीचे साहेब भडकले.

"साहेबांना जमणार नसेल तर राहू दे," तोफ गोड आवाजात म्हणाली. "त्यांनी कधी पट्टा हातात धरला असेल असं मलाही वाटत नाही."

हे वर्मी लागलं. साहेबांनी बाह्या सरसावल्या.

चिमट्याने सवयीने आधी जीभ उपटून फेकली, मग त्याच टोकाची काडतुसं काढत गेला. कोठीदाराने तेच केलं. मिस्त्रीने तेच केलं. साहेबांनी पट्टा उचलला, मागच्या शेपटाकडून ओंजळभर काडतुसं सोडवली आणि आखूड झालेला पट्टा ऐटीत मेजावर टाकला. पुढच्या टोकाला जीभ जशीच्या तशी उन्हात चमकत होती.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं," तोफ म्हणाली. "मोठे साहेब, पट्टा पुढून संपतो, मागून नाही. गनमधून चाललेल्या पट्ट्याला जीभ राहत नाही. हे गन हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना ठाऊक असतं. पण काल मला 'उरलेला' म्हणून दिलेल्या पट्ट्याला जीभ होती. ती अजून तिथे गवतात पडली असेल. म्हणजे तो पट्टा नवा होता आणि शेपटाकडून आखूड केलेला होता. चिमट्याने बदलला असता तर जीभ राहिली नसती. कोठीदाराने नाही, मिस्त्रीनेही नाही. कोठीची किल्ली असलेला आणि आयुष्यात कधीही पट्टा न भरलेला असा इथे एकच माणूस आहे. आत्ताच तुमच्यासमोर त्याने तीच चूक पुन्हा केली."

मोठे साहेब त्या चार पट्ट्यांकडे बघत राहिले. पाहणाऱ्याला यात सासू आणि जावई शोधायची गरजच नव्हती.

"बकवास!" चौकीचे साहेब किंचाळले. "मी का बदलीन?"

"मिस्त्री," तोफ म्हणाली.

जावयाने टोपी काढली, अस्तर उसवलं आणि मोठ्या साहेबांच्या तळहातावर एक काडतूस ठेवलं, अजून आपल्या कडीत अडकलेलं. "गन अडली तेव्हा हे आत रुतलं होतं. मला यातलं एवढंच माहीत आहे."

मोठ्या साहेबांनी अंगठ्याने काडतूस कडीतून ढकलून पाहिलं. हललं नाही. दोन्ही अंगठे लावले. तरी नाही. मेजावरच्या कुठल्याही पट्ट्यातलं काडतूस जरा जोर दिला की सरकत होतं.

"चकाकतंय किती," ते म्हणाले. "आणि या खाचेत चुन्यासारखं काय आहे?"

"साहेबांच्या टेबलावरच्या पाटीच्या अक्षरांत आहे तेच," तोफ म्हणाली. "पितळेचं पॉलिश. काडतुसं कडीतून न काढता पट्टा तसाच घासला की ते आत शिरतं, सुकतं आणि काडतूस कडीला चिकटून बसतं. गनमध्ये ते ओढून काढायची तेवढी ताकद नसते. ज्याला हे माहीत आहे तो काडतुसाला पॉलिश लावायचं मनातही आणणार नाही."

चिमटा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "आम्हालाच घासायला लावलं. पाहुणे येणार, फोटो काढायचा म्हणून. शिडी म्हणाला, साहेब, असा पट्टा अडेल. साहेब म्हणाले, फोटोत काळा दिसतो. पाहणी झाली की बदलू म्हणाले, आणि मग..." त्याने नाक पुसलं. "शिडी मेल्यावर म्हणाले, घासला कुणी? तू. तोंड उघडलंस तर फासावर तू जाशील. घासलेले पट्टे रात्रीत ओढ्यात टाकायला लावले मला."

"ओढा दूर नाही," तोफ म्हणाली. "सापडतील."

पहारेकरी मिस्त्रीपासून सरकले आणि साहेबांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. कुणी हुकूमही दिला नव्हता.

"बाई," साहेबांचा आवाज फाटला, "मी तुम्हाला बोलावलं! मी!"

"हो. नाव घेऊन. सासू जावयाला गिळायला टपलीये, ती कशाला खोलात जाईल, असं वाटलं तुम्हाला. अर्धं बरोबर होतं तुमचं."

७

मैदान रिकामं होत होतं. जावई उसवलेली टोपी हातात घेऊन तिच्यापाशी आला.

"माझी गन चांगली होती," तो म्हणाला.

"झाकणाच्या बिजागरीत धूळ होती," तोफ म्हणाली. "फोन कर घरी. माझ्याशी ती बोलणार नाही." आवाज नेहमीसारखा तिरकस काढायचा होता, पण जमलं नाही. तिला रडू येत होतं आणि त्याचाही तिला राग येत होता.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. शिडीची आई दोघांच्या मध्ये उभी राहिली. तिने आधी जावयाकडे पाहिलं, खूप वेळ. "तू नव्हतास तर," ती म्हणाली. माफी वगैरे तिने मागितली नाही. शिल्लक असलेला राग कुठे ठेवावा, एवढंच जणू ती शोधत होती. मग तोफेकडे वळली.

"मला ते पट्टेबिट्टे काही कळलं नाही. एवढं मोठं बोललीस तू. माझं पोर कशाने गेलं ते मला कळेल असं सांग."

तोफेने आयुष्यभर अधिकाऱ्यांना समजावलं होतं. ते शब्द इथे उपयोगाचे नव्हते. ती साहेबांच्या खोलीत गेली, भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला आणि आणून म्हातारीच्या हातात दिला.

म्हातारीने तो उजेडात धरला. "हसतोय बघ," ती म्हणाली. "असा कधी फोटोत हसायचा नाही. आणि खांद्यावर हे काय चमकतंय एवढं?"

तोफेने त्या चकाकणाऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"ह्याने," ती म्हणाली.

म्हातारी बघत राहिली. मग तिने अंगठा जिभेला लावून ओला केला आणि काचेवर, नेमकी ती चमक होती तिथे, घासायला लागली. एकदा घासलं, पुन्हा घासलं. चमक जाईना. जावई पुढे होऊन तिला थांबवणार होता. तोफेने त्याचा दंड धरला आणि तो तसाच धरून ठेवला.